माझ्या देशाच्या नावात ळ नाही

मी नऊ वर्षांची होते तेव्हा माझ्या आईने बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं, की या वेळी तू एकटा जाणार नाहीस. आमचं गाव नेपालच्या पश्चिमेला, डोटीच्या डोंगरात. (मराठीत ‘नेपाळ’ लिहितात हे मला माहीत आहे. मी नेपालच लिहिणार. का ते पुढे येईल.) बा दोन वर्षांतून एकदा घरी यायचा, महिनाभर राहायचा आणि मी त्याला ओळखायला लागले की निघून जायचा. तो धुळ्याच्या पुढे, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका ढाब्यावर तंदूर सांभाळायचा. आई म्हणाली, “तिथे भिंत आणि छप्पर असेल ना? तेवढं पुरे.” बा म्हणाला, तिथे फार ऊन असतं. आई म्हणाली, मग उन्हात राहू. आणि तिने घराला कुलूप लावून किल्ली मामाकडे दिली.

सीमेवरचा पूल चालत ओलांडून आम्ही भारतात, बनबसाला आलो. तिथून बसने दिल्ली, दिल्लीहून रेल्वेने जळगाव. जळगावच्या स्टँडवर बाने आम्हाला केळी घेऊन दिली आणि धुळ्याची एस.टी. लागेपर्यंत एक गोष्ट पढवली. “कोणी विचारलं, कुठले तुम्ही, तर दार्जिलिंग सांगायचं.” मी विचारलं, दार्जिलिंग कुठे आहे? तो म्हणाला, मलाही नीट माहीत नाही, पण ते भारतात आहे. काही वर्षांपूर्वी कुठल्यातरी बंगल्यात चोरी झाली होती आणि चोर नेपाली असल्याची बातमी आली होती. त्यानंतर बा तेव्हा काम करायचा त्या गावातल्या सगळ्या नेपाल्यांना दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं होतं. बाला कोणी मारलं नव्हतं. नुसतं बसवलं होतं. पण तेव्हापासून तो दार्जिलिंगचा झाला होता.

ढाब्याजवळच्या सोनगीरला आम्हाला तांबट गल्लीत खोली मिळाली. सकाळपासून तांब्याच्या हंड्यांवर हातोड्या पडायच्या. पहिले काही दिवस आई कानात कापूस घालून स्वयंपाक करायची. घरमालकीण अक्का. पन्नाशीची, ठेंगणी, मोठ्या आवाजाची. तिच्या नवऱ्याला, आबांना, आयुष्यभर ठोकून ठोकून ऐकू कमी यायचं, त्यामुळे अक्का सगळ्या जगाशीच ओरडून बोलायची. आम्ही ट्रंक घेऊन दारात उभे राहिलो तेव्हा तिने आईला नखशिखांत पाहिलं आणि विचारलं, “जेवण व्हयनं का?” आईला काही कळलं नाही. अक्काने हाताने घास तोंडात घालून दाखवला. आईने मान हलवली, नाही. तेवढ्यावर त्यांचं पहिलं बोलणं संपलं आणि जेवण आलं.

जूनमध्ये शाळेत नाव घालायचं होतं. बा ढाब्यावरून सुटू शकत नव्हता आणि आईला भाषा येत नव्हती, म्हणून अक्का मला घेऊन गेली. माझ्याकडे तिसरीचं गुणपत्रक होतं, आमच्या डोंगरावरच्या शाळेचं, घामाने मऊ झालेलं. हेडसरांनी ते दुरूनच पाहिलं. “हा दाखला चालत नाही. इथला लागतो.”

“सर, वाची दखा,” अक्का म्हणाली. “अक्षर तं आपलंच शे ना?”

सरांनी वाचलं. नेपाली देवनागरीतच लिहितात. गणिताच्या पुढचा आकडा त्यांना वाचता आला, तो चांगला होता, त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी नाव घातलं. कागदाच्या वरचं शाळेचं नाव त्यांनी पाहिलंच नाही; बाने पढवल्याप्रमाणे मी दार्जिलिंग म्हटलं, तेच त्यांनी जन्मगाव म्हणून लिहिलं. आणि मराठी येत नाही म्हणून मला पहिलीत बसवलं.

नऊ वर्षांची मी, सहा वर्षांच्या पोरांमध्ये. माझे गुडघे पुढच्याच्या पाठीला लागायचे. दोन दिवस मी तिथे बसले. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी पहिलीच्या रांगेतून निघाले आणि चौथीच्या वर्गात जाऊन शेवटच्या ओळीत बसले. चौथीच्या मॅडमनी दंडाला धरून मला परत नेलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. पुन्हा नेलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी एक चापट मारली. मी खूप रडले आणि रडताना “इजा, इजा” म्हणत होते. आमच्याकडे आईला इजा म्हणतात. मॅडम घाबरल्या. कुठे इजा झाली, कुठे लागलं, म्हणून माझे हात, कोपरं, गुडघे तपासायला लागल्या. मला कळेना, ही बाई आता मारतेय की जपतेय. चौथ्या खेपेला मी चौथीत जाऊन बसले तेव्हा त्यांनी फळ्याकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, “बस आता तिथेच.”

त्या मॅडम वाईट नव्हत्या. पण त्यांना ळचं भारी वेड होतं. माझ्या तोंडात ळ बसत नसे. आमच्या भाषेत तो नाहीच. मी फळाला फल म्हणायची, शाळेला शाला. मॅडम मला उभं करून म्हणायला लावायच्या, “बाळ, काळ, फळ, नेपाळ.” बाकीची पोरं खिदळायची. नेपाळ हा शब्द त्यांनी मुद्दाम माझ्यासाठी घेतला नव्हता, तो त्यांच्या यादीतच होता. मी म्हणायची, “नेपाल.”

“नेपाळ.”

“नेपाल.”

“अगं, त्या देशाचं नाव नेपाळ आहे!”

मला सांगावंसं वाटायचं, मॅडम, मी तिथूनच आलेय. पण मी दार्जिलिंगची होते. त्यामुळे ओठ घट्ट मिटून उभी राहायची. एकदा अख्खा तास उभी राहिले आणि ळ म्हटला नाही. तेव्हा तो येत नव्हता म्हणून नाही. तेव्हा जवळजवळ यायला लागला होता. पण माझ्या देशाचं नाव मला चुकीचं म्हणायला लावत होते आणि माझ्या हातात तेवढंच एक उरलं होतं, ते न म्हणणं.

घरी येऊन मी हुंदके देत अक्काला ते कसंबसं सांगितलं. अक्का ओट्यावर चिंचेने तांब्याची घागर घासत होती. तिने विचारलं, काय म्हणता येत नाही? मी केळ्याकडे बोट दाखवलं. “केलं,” मी म्हणाले.

“केयं,” अक्का म्हणाली.

मी पाण्याच्या काळ्या माठाकडे बोट दाखवलं. “काला.”

“काया,” अक्का म्हणाली. मग तिलाच हसू फुटलं. तिने हाका मारून शेजारच्या बाया गोळा केल्या आणि एकेकीला विचारायला लागली, हे काय, ते काय. डोया. फया. जयगाव. एकीच्याही तोंडून ळ निघेना. सगळ्या अहिराणी बोलणाऱ्या, ळचा य करणाऱ्या. त्यांच्या पोरींनाही वर्गात त्यावरून बोलणी बसायची, हे तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अक्का म्हणाली, “आपला गल्लीमा ळ कोन्ही बोलस नही. तू बोल तुले जसं येस तसं.”

त्या दिवसापासून मी बोलायला लागले. मराठीआधी मला अहिराणी आली. आईलाही आली, माझ्याहून मोडकी, पण पापड लाटता लाटता येते तेवढी पक्की. वर्गात मॅडम “शुद्ध बोला” म्हणायच्या तेव्हा आता मी एकटी नसायचे. आम्ही पाच-सहा जणी एकदम उभ्या राहायचो आणि “फया” म्हणायचो, मुद्दाम, जोरात. मॅडमनी शेवटी नाद सोडला. ळ मला नंतर आला, कोणी न शिकवता, सातवीत कधीतरी. आता तर मी तो उत्तम म्हणते. फक्त त्या एका शब्दात नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशात पोरींचं राज्य असतं. झाडांना झोके बांधतात, गौराई बसवतात, आणि शेवटच्या दिवशी दोन गल्ल्यांच्या पोरी नाल्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. मोठी माणसं अडवत नाहीत, उलट ऐकायला येतात. मी सहावीत असताना आमच्या गल्लीबरोबर पहिल्यांदा गेले. नाला कोरडा पडला होता. पलीकडून थोडा वेळ आमच्या हंड्यांवरून आणि आबांच्या बहिरेपणावरून झालं, आणि मग एका उंच पोरीने माझ्याकडे बोट करून गायलं, की तुमच्या गल्लीनं चिनी पोर आणलीय, तिचे डोळे एवढे बारीक, तिला समोरचा माणूस तरी दिसतो का?

माझ्या बाजूच्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. मी नाल्यात उतरले, मधोमध, दगडावर उभी राहिले आणि जे तोंडाला आलं ते गायलं (बठ्ठा म्हणजे सगळा):

“डोया मन्हा बारीक, तरी दिसस रस्ता बठ्ठा,
तुन्हा नाकना शेंबूड दिसस केवढा मोठ्ठा!”

दोन्ही काठ हसले. ती उंच पोरगी खरोखर नाकाला हात लावून बसली, तेव्हा तर आमच्या बाया डोक्यावरचे पदर तोंडात धरून वाकल्या. मला तेव्हा जे वाटलं ते मी अजून कशालाही बदलून द्यायची नाही. मला त्यांच्याच भाषेत शिवी देता आली होती.

पण आमच्या घरातली भीती काही गेली नव्हती. मी आठवीत असताना ती दारात येऊन उभी राहिली.

सकाळची वेळ होती. ढाब्याच्या मालकाच्या भावाची सोन्याची चेन हरवली होती. ढाब्यावर आठ माणसं कामाला होती, पण त्याने नाव घेतलं ते बाचं. नाव म्हणजे काय, “तो नेपाळी” एवढंच. दोन हवालदार बाला घेऊन गल्लीत आले. बा त्यांच्या मध्ये चालत होता, पायात ढाब्यावरची रबरी चप्पल, हाताला पीठ लागलेलं. हातोड्या एकेक करून थांबल्या. एवढी शांत गल्ली मी कधी ऐकली नव्हती.

“ट्रंक उघडा,” हवालदार म्हणाला.

आईने किल्ली काढली. पण तिने कुलूप उघडण्याआधीच अक्का आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. आत जायची वाटच अडवली.

“साहेब, तपासनं शे तं बठ्ठी गल्ली तपासा. पह्यलं मन्ही पेटी.”

“मावशी, तुमच्यावर कोणाचा संशय नाही. बाजूला व्हा.”

“काबर नही? मी का चोरी करू शकस नही?”

अक्का उठली, घरात गेली आणि आपली लोखंडी पेटी फरफटत ओट्यावर आणली. झाकण उघडून आतलं लुगडं, फोटो, लग्नातला चांदीचा करदोडा सगळं ओट्यावर पसरलं. समोरच्या घरातलीने तिचं कपाट उघडून साड्या बाहेर फेकल्या. तिच्या पलीकडचीने पिठाचा डबाच आणून हवालदाराच्या पायाशी उपडा केला. पाच मिनिटांत गल्लीभर कपडे, डबे, गोधड्या, देवाच्या मूर्ती. आबांना काय चाललंय ते ऐकू आलं नव्हतं, पण तेही आपला हातोड्यांचा खोका उचलून घेऊन आले. दोघे हवालदार त्या सगळ्याच्या मध्ये उभे, पाय कुठे टाकावा ते कळत नाही असे.

मोठ्या हवालदाराने वही काढली. चिडून बाला विचारलं, “कुठला रे तू?”

“दार्जिलिंग,” बा म्हणाला. जमिनीकडे बघत.

मी आईजवळ उभी होते. मला कोणी काही विचारलं नव्हतं.

“नेपाल,” मी म्हणाले. “डोटी जिल्हा. आम्ही दार्जिलिंग पाहिलेलंसुद्धा नाही.”

बाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला पकडून दिलं. गल्लीतल्या बायांच्या तोंडांकडे मी बघत होते. इतकी वर्षं आम्ही त्यांच्याशी खोटं बोललो होतो. आता काय? अक्का साड्या गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, “ते तं मले पह्यला दिवसपाशी म्हाईत शे. शायाना कागदवर लिखेल व्हतं. मले वाचता येस.”

हवालदारांनी आमची ट्रंक पाहिली. तिच्यात काही नव्हतं. त्यांनी बाला त्या दिवशी नेलं नाही, कारण न्यायला लागले असते तर मागे अख्खी गल्ली निघाली असती. चेन सापडली की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मालकाने बाला सांगितलं, आता नको येऊस.

बा आठवडाभर खोलीत पडून राहिला. मग आबांनी रस्त्यावरच्या आपल्या भांड्यांच्या दुकानापुढची अर्धी जागा त्याला दिली आणि म्हणाले, इथे लाव तुझं काही. बाने गाडी लावली. नूडल्स, मंचुरियन, आणि आईच्या हातचे मोमो. पहिल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बाया रांगेत उभ्या राहिल्या. बहुतेकींना मोमो आवडले नाहीत. “कच्चंच लागस,” एक म्हणाली. पण तिने प्लेट संपवली, आणि आईला सांगून गेली की आतमध्ये ठेचा घाल. आईने घातला. आता तो मोमो धुळ्याहून येऊन लोक खातात.

त्याच वर्षी मी एका शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पास झाले होते. कागद भरताना मी हायस्कूलच्या क्लार्कना म्हणाले, माझ्या रजिस्टरमध्ये जन्मगाव चुकीचं आहे, ते दुरुस्त करायचंय. क्लार्क भला माणूस होता. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. “पोरी, ही शिष्यवृत्ती इथल्या नागरिकांनाच मिळते. चार वर्षं ही नोंद तशीच राहू दे. बारावी झाली की बदल. कोणी बघत नाही.”

मी दोन दिवस विचार केला. खोटं नाही सांगत, लालूच वाटली. बाने तर हात जोडले. “जे चाललंय ते चालू दे,” तो म्हणाला. “तुझ्या एका शब्दाने माझं काम गेलं, आता तुझं शिक्षण घालव.” आई भाजी चिरत होती. ती म्हणाली, “काम तिच्या शब्दाने नाही गेलं.” एवढंच. बा उठून गाडी लावायला गेला.

मी शिष्यवृत्ती सोडली. मला त्याचं दुःख झालं. यादीत माझ्या नावावर रेघ मारलेली पाहिली तेव्हा शाळेच्या मागे जाऊन रडले. अकरावीपासून मी लहान मुलांच्या ट्यूशन घेऊन शिकले, आता जळगावात एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, आणि तेव्हा दुरुस्तीसाठी थांबले असते तर कदाचित याहून पुढे गेले असते. ते मला माहीत आहे. तरी पुन्हा तेच करेन.

दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र लागत होतं आणि दोन साक्षीदार. अक्का म्हणाली, मी येते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी रस्त्यावर आलो तर अक्कासकट सात जणी उभ्या. काळी-पिवळी जीप अख्खी आमचीच भरली. धुळ्याला वकिलाच्या टेबलापुढे त्या सगळ्या उभ्या राहिल्या तेव्हा वकील म्हणाले, दोन पुरेत. “आमी सात शेतस,” अक्का म्हणाली. वाद घालण्यापेक्षा लिहिणं सोपं, असं वकिलांना वाटलं असावं. त्यांनी नावं लिहायला घेतली.

“मुलीशी नातं?”

वकिलांनी स्वतःच लिहिलं, शेजारी. अक्काने ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. “हाई नका लिखू.”

“मग काय लिहू? नात्यात तर नाही तुम्ही.”

अक्काने बाकीच्यांकडे पाहिलं. त्यांनाही नेमका शब्द सापडत नव्हता. शेवटी अक्का म्हणाली, “ती आम्हना गल्लीनी शे. तेच लिखा.” वकील म्हणाले, असं लिहीत नाहीत. अक्का म्हणाली, मग मी सही करत नाही. मागे लोकांची रांग लागली होती. वकिलांनी शेजारी खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘एकाच गल्लीतील’. मग सात सह्या झाल्या, चार अक्षरांच्या, तीन अंगठ्यांच्या.

परतताना ऊन चढलं होतं. मागच्या बाकावर बाया एकमेकींच्या खांद्यावर पेंगत होत्या. आई खिडकीशी बसली होती. वाटेतलं नगाव मागे पडलं तेव्हा अक्काने तिला विचारलं, जे इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, की तुझ्या गावात पाणी कशात भरतात?

“तांबानी गागरी,” आई म्हणाली. आमच्याकडेही तांब्याचीच घागर असते, तिला गागरी म्हणतात.

अक्का ताठ बसली. “केवढी?”

आईने दोन्ही हातांनी दाखवली. अक्का म्हणाली, एवढी मोठी नसेल, डोंगरात कोण वाहून नेणार? आई म्हणाली, असते, मी नेली आहे. झोपलेल्या दोघी उठल्या आणि बाजू घ्यायला लागल्या. गळा कसा असतो, तळ सपाट की गोल, कल्हई करतात की नाही. आई मोडक्या अहिराणीत, हात नाचवत, आमच्या घराचं, उताराचं, झऱ्यापर्यंतच्या वाटेचं सांगत होती, आणि सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तरी त्यांचं गागरीच्या मापावर काही एकमत झालं नव्हतं.